रामप्रसादनं वाचलेला रिपोर्ट

होळीच्या आधी जालन्यातल्या एका बाईंचा ऑफिसात फोन आला. त्या आधी हसल्या आणि मग चिडल्या.

"अहो, मी बाईमाणूस," उषाबाई म्हणाल्या, "आणि तुमचं ते पोर्टल मला प्रोस्टेटचा रिपोर्ट दाखवून राह्यलं. माझा थायरॉइडचा कुठंय?"

फोन अक्षतानं घेतला होता. आजूबाजूची पोरं खो खो हसली. अक्षता हसली नाही. तिनं उषाबाईंना पुन्हा लॉगिन करायला सांगितलं, तरी तोच पुरुषाचा रिपोर्ट.

अक्षता परतूरची. वडील तातेराव आष्टीच्या शाळेतून निवृत्त झालेले, आई गिरिजाबाई घर बघणारी. रोज सकाळच्या गाडीनं ती जालन्याला जायची आणि एका लहानशा कंपनीत सर्व्हर सांभाळायची. जिल्ह्यातल्या काही पॅथॉलॉजी लॅब आपले रिपोर्ट त्या कंपनीच्या पोर्टलवर टाकायच्या. रोग्यानं किंवा त्याच्या घरच्यानं मोबाइल नंबर टाकायचा, ओटीपी टाकायचा, की सर्व्हर त्याला एक लांबलचक आकडा देतो. तो आकडा फोनमध्ये गुपचूप राहतो. पुढं काहीही उघडलं की फोन तो दाखवतो आणि सर्व्हर ओळखतो, हा मघाचाच माणूस. याला सेशन म्हणतात. सर्व्हर एकच असेल तर फार डोकं चालवावं लागत नाही. पण सकाळी रिपोर्ट यायच्या वेळेला एवढी माणसं एकदम तुटून पडायची की एकट्या सर्व्हरचा दम निघायचा. म्हणून अक्षतानं चार सर्व्हर जोडले होते आणि चौघांची सेशनं एका सामाईक जागी ठेवली होती. पहिल्या सर्व्हरवर ओळख दिलेला माणूस पुढच्या क्षणी तिसऱ्यावर गेला तरी त्याला कुणी 'तू कोण' म्हणत नसे. एवढ्या गर्दीत कुणाची ओळख कुणाला लागू नये, हेच तिचं काम होतं, आणि ते तिला आवडायचं.

त्या फोनच्या आधी काही दिवस ती रजेवर होती. बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. लॅबचे डॉक्टर 'पान हळू उघडतं' म्हणून कधीचे कुरकुरत होते, तर कंपनीचा मालक धर्मराज यानं तिला न विचारता सर्व्हरांच्या पुढं एक कॅश बसवली. एकदा दिलेलं पान साठवायचं आणि पुढच्या माणसाला तेच झटक्यात द्यायचं, एवढंच तिचं काम. चित्रं साठवली असती तर बिघडलं नसतं. पण धर्मराजनं सरसकट सगळंच साठवायला सांगितलं. त्यात लॉगिननंतरचं उत्तरही साठवलं गेलं, आतल्या ओळखीच्या आकड्यासकट. एकाला मिळालेला आकडा त्याच्या मागून आलेल्या सगळ्यांना वाटला गेला. चारही सर्व्हर सामाईक जागी बघायचे, आकडा खरा निघायचा, आणि त्या सगळ्यांना ते एकाच माणसाचे रिपोर्ट दाखवायचे. थोड्या वेळानं साठवण बदलायची आणि पुढच्यांना दुसऱ्याच कुणाचा आकडा वाटला जायचा. मोबाइलवर पान आटोपशीर दिसावं म्हणून वरचं नावही काढून टाकलेलं होतं. नाव होतं ते फक्त डाउनलोड करायच्या फाइलवर.

अक्षतानं कॅश बंद केली, सगळी सेशनं पुसली आणि त्या दिवसांत कुणाच्या हाती दुसऱ्याची ओळख गेली होती ते सगळे नंबर काढून धर्मराजला मेल केले. मग त्याच्या खोलीत जाऊन उभी राहिली.

"सर, या लोकांना फोन करायला पाहिजेत. यांनी दुसऱ्याचेच रिपोर्ट बघितलेत."

धर्मराज वाईट माणूस नव्हता. पोरांच्या अडीअडचणीला धावायचा. त्यानं मेल वाचला, कपाळ चोळलं.

"आता बरोबर दिसतंय ना?"

"आता दिसतंय. पण ज्यानं बघून फोन खिशात टाकला, तो कशाला पुन्हा उघडेल?"

"लॅबवाल्यांना सांगून करवतो फोन. आपण केले तर गोंधळ होईल. तू नको टेन्शन घेऊ."

पुढं एकदा तिनं विचारलं. "झालं ते," धर्मराज म्हणाला. तिनं विश्वास ठेवला. मेल केला होता, मालकानं हो म्हटलं होतं. आणखी काय करायचं असतं, असं तिला तेव्हा वाटलं.

वर्ष होत आलं. संक्रांत होऊन गेली होती. रविवारी अक्षता आईबरोबर ओट्यावर हरभऱ्याची भाजी खुडत बसली होती. बाबा आष्टीहून आले. शाळा सुटून इतकी वर्षं झाली तरी महिन्यातून एकदा त्यांची आष्टीला चक्कर असायचीच. जुने विद्यार्थी, त्यांची लग्नं, त्यांची दुखणी. आज मात्र ते चप्पल काढून तसेच बसून राहिले.

"राधाकिसनकडं गेल्तो," ते म्हणाले. "मेंढरंवाला राधाकिसन. त्याची बायको आशाबाई, काही खरं न्हाई तिचं."

"काय झालं?" गिरिजाबाईंनी विचारलं.

"छातीत गाठ व्हती. कॅन्सर. हाडात उतरलाय म्हणतात. जालन्याच्या डॉक्टरनं घरी न्यायला सांगितलं." तातेरावांनी पाण्याचा तांब्या हातात धरला पण प्यायले नाहीत. "वाईट म्हणजे ते टाळता आलं असतं. मागच्या होळीलाच तपासणी केल्ती. रिपोर्ट मोबाइलवर आल्ता. पोरगं, रामप्रसाद, त्यानं बघितला आन सांगितलं, साधी गाठ हाय, काही न्हाई. डॉक्टर म्हणला व्हता, साधी निघाली तर यायचं काम न्हाई. मंग कोण जातंय? पेढे वाटले त्यांनी. आता बाई अंथरुणाला खिळली तवा डॉक्टरनं तोच रिपोर्ट पुन्हा उघडायला लावला, तर त्यात सरळ कॅन्सर लिहिलेला. तारीख तीच. पोरानं वाचायला चूक केली. बाप त्याच्याशी बोलत न्हाई. भावकी म्हणते, आयटीआय केलेलं पोरगं, आन मायचा रिपोर्ट वाचता आला न्हाई."

अक्षताच्या हातातली भाजीची काडी तशीच राहिली.

"होळीच्या आधी, का नंतर?" तिनं विचारलं.

"आधी. काहून?"

तिनं मोबाइलमध्ये जुना मेल काढला. तिनंच धर्मराजला पाठवलेले नंबर. नंबरापुढं नाव नव्हतं, पण बाबांकडं रामप्रसादचा नंबर होता. ती एकेक नंबर बघत गेली, आणि मध्येच थांबली.

"बाबा," ती म्हणाली, "त्यानं बरोबर वाचलं होतं."

सोमवारी ऑफिसात पोचल्यावर तिनं सर्व्हरच्या जुन्या नोंदी काढल्या, त्या नंबरांना काय दिसलं होतं ते बघितलं, होती तेवढी नावं-गावं उतरवून घेतली आणि थेट धर्मराजच्या खोलीत गेली. दार लावून घेतलं.

"सर, ते होळीचे फोन. कुणी केले?"

धर्मराजनं तिच्याकडं बघितलं, मग खिडकीकडं. "कोणते?"

"तुम्हाला माहितीये कोणते."

"लॅबला बोललो होतो." तो थांबला. "म्हणजे, बोलणार होतो. त्याच वेळेला नवीन लॅब जोडली जात होती. वाटलं, सगळं सुधारलंय, कशाला उगीच उकरायचं."

अक्षतानं आशाबाईंचं सांगितलं. तो ऐकत होता तसा त्याचा चेहरा उतरत गेला. तेवढं तिनं पाहिलं. मग म्हणाला, "आता सांगून ती बाई वाचणार आहे का?"

"नाही."

"मग कुणाचं भलं होणारंय? इथं पोरं काम करून राह्यलीत. परवा एकाचं लग्न झालं. लॅबनं काम काढून घेतलं तर सगळ्यांना घरी बसावं लागंल. विचार कर ना जरा."

"तिच्या पोराला वाटतंय की त्यानं मायला मारलं."

धर्मराजनं समोरचे कागद एकावर एक ठेवले. मग म्हणाला, "तू तिकडं गेलीस तर इथं परत येऊ नको. मी रागानं नाही बोलत. मला ठेवता येणार नाही तुला."

"बाकीच्या नंबरांनाही मी फोन करणारे," अक्षता म्हणाली. लॅपटॉप टेबलावर ठेवून ती स्टेशनवर आली. गाडीला वेळ होता. बाकावर बसून तिनं पहिला नंबर लावला. पलीकडच्या माणसानं सगळं ऐकून घेतलं आणि आईवरून शिवी दिली. दुसऱ्यानं सांगितलं की त्यानं संशय येऊन दुसरीकडं तपासणी केली होती. तिसरा फोन बंद. एका बाईनं सगळं दोनदा सांगायला लावलं आणि शेवटी एवढंच विचारलं, "मंग आता माझं काय हाय म्हणायचं?" अक्षतानं तिला पोर्टल उघडायला लावलं. साखर होती, तिला कधी कळलीच नव्हती.

दुसऱ्या दिवशी ती बाबांबरोबर आष्टीला गेली. राधाकिसनचं घर गावाच्या बाहेर, पत्र्याचं. शेजारी काटेरी कुंपणात थोडी मेंढरं. पूर्वी मोठा कळप होता, आता दुखण्यापायी एकेक विकलं जात होतं. आशाबाई ओसरीत बाजेवर पडलेल्या. एक हात सुजून उशीएवढा झालेला. सून मोनिका, रामप्रसादची बायको, पायाशी बसून पाय दाबत होती. तिनं उठून पाणी दिलं. राधाकिसन आले, डोक्याला फडकं गुंडाळलेलं.

"राम राम, गुरुजी."

"जय भीम. रामप्रसाद कुठंय?"

राधाकिसननं कुंपणाकडं हनुवटी केली. एक दाढी वाढलेला पोरगा मेंढरांत उकिडवा बसला होता. त्यानं हाकेला मान वर केली, उठला नाही.

"ते येत न्हाईत घरात," मोनिका हळूच म्हणाली. "तिकडंच असतात. फोन बी बंद ठेवलाय. परवा औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय विचारलं तर म्हणले, मला वाचता येत न्हाई."

तातेराव स्वतः जाऊन त्याला हाताला धरून घेऊन आले. तो ओसरीच्या कडेला, आईच्या नजरेआड बसला.

अक्षतानं वाटेत पुष्कळ वाक्यं जुळवली होती. आता त्यातलं एकही आठवेना. ती म्हणाली, "मी जालन्यात काम करत होते, जिथं हे मोबाइलवरचे रिपोर्ट येतात तिथं. तुम्ही होळीला जो रिपोर्ट बघितला, तो आशाबाईंचा नव्हता. आमच्या चुकीनं दुसऱ्याचा दिसला."

राधाकिसननं तिच्याकडं असं बघितलं की जणू ती परक्या मुलुखातली भाषा बोलतेय.

"दुसऱ्याचा कसा?" ते म्हणाले. "पोरानं आपला नंबर टाकल्ता."

"नंबर बरोबर टाकला होता. पण मशीन प्रत्येकाला वेगळी खूण देतं, आणि त्या दिवशी..." ती अडखळली. तिची नजर कुंपणाकडं गेली. मेंढरांच्या पाठीवर जांभळ्या रंगाचे पट्टे होते. "तुम्ही मेंढरावर खूण करता ना? म्हणजे चरायला गेल्यावर दुसऱ्याच्या कळपात मिसळलं तरी कळतं, हे राधाकिसनचं."

"व्हय."

"त्या दिवशी सगळ्यांच्या पाठीवर एकच खूण पडली."

राधाकिसननं डोळे बारीक केले. मेंढरं राखण्यात जन्म गेलेला माणूस. त्याला पुढचं सांगायची गरज पडली नाही.

"मंग ज्याचं त्याला कसं मिळंल," ते स्वतःशीच म्हणाले. "ज्यानं पयले हाकलली, त्याचीच सगळी."

"तसंच झालं."

"ताई," कडेला बसलेला रामप्रसाद बोलला. आवाज बसलेला. "गुरुजींनी सांगितलं असंल तुम्हाला, पोराला धीर द्या म्हणून. मी पुन्हा उघडून बघितलाय तो रिपोर्ट. डॉक्टरसमोर. त्यात कॅन्सर लिहिलेला. तारीख तीच. मी चुकलो. मला माहीत हाय."

"पुन्हा उघडला तेव्हा आम्ही दुरुस्त केलेलं होतं. तुम्ही पहिल्यांदा बघितलं तेव्हा वर पट्टी होती. रिपोर्ट वाईट असला की ती लाल येते. तुम्हाला हिरवी दिसली होती."

रामप्रसादनं पहिल्यांदा तिच्याकडं नीट बघितलं.

"हे म्या कोणालाच न्हाई सांगितलं," तो म्हणाला. "डॉक्टरकडं लाल दिसली तवा वाटलं, मला तवा बी लालच दिसली असंल, आन मीच मनानं हिरवी केली. माय बरी असावी म्हणून."

"हिरवीच होती. खाली इंग्रजीत दोन ओळी होत्या. फाइल तुम्ही उतरवायला घेतली होती, पण ती अर्ध्यात थांबली. दोनदा."

"रेंज न्हवती," तो म्हणाला. "मेडिकलवाल्याकडून ते दोन शब्द समजून घेतले. तो म्हणला, साधी हाय." मग त्यानं विचारलं, "बराबर वाचलं व्हतं म्या?"

"बरोबर वाचलं होतं."

तो उठला, कुंपणाच्या मागं गेला आणि तिथं त्याला उलटी झाली. मोनिका त्याच्यामागं धावली.

राधाकिसन जागचे हलले नव्हते. "पोरी," ते म्हणाले, "तुमाला हे कवा कळलं?"

अक्षताला हा प्रश्न येणार हे माहीत होतं. "त्याच आठवड्यात."

"होळीलाच?"

"हो. मी मालकाला सांगितलं, सगळ्यांना फोन करा. ते करतो म्हणाले. मी मानलं."

"आन फोन झाला न्हाई."

"नाही."

"एक फोन," राधाकिसन म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही, उलट बसत गेला. "दोन शब्द बोलायचे व्हते. तुमचं न्हाई, दुसऱ्याचं हाय. मी तिला पाठीवर घिऊन गेलो असतो." त्यांनी डोक्याचं फडकं सोडलं, पुन्हा बांधलं, पुन्हा सोडलं. "म्या ह्या पोराला... कवापासून, मला आता याद बी न्हाई, म्या त्याच्याकडं बघितलं न्हाई. भावकीसमोर म्हणलो, हा माझा न्हाई. गुरुजी, तुमच्या लेकीला घिऊन जा. मी तुमचा मान ठिवतो म्हणून बोलतो. घिऊन जा."

तातेराव उठले. तेवढ्यात बाजेवरून आवाज आला.

"थांबा." आशाबाईंनी डोळे उघडले होते. सगळं त्यांनी ऐकलं होतं. "रामा कुठंय?"

रामप्रसाद तोंड पुसत आला. आज तो कडेला बसला नाही. बाजेजवळ गेला. आशाबाईंनी चांगला हात त्याच्या गुडघ्यावर ठेवला.

"मला बी वाटल्तं," त्या म्हणाल्या. एकेक शब्दाला त्यांना थांबावं लागत होतं. "तू चुकला म्हणून. तोंडानं म्हणले न्हाई. पर रातच्याला दुखायचं तवा मनात यायचं, पोरानं नीट बघितलं असतं तर. तुझ्यावर राग केला म्या, रामा. मनातल्या मनात."

"माय, राहू दे."

"न्हाई, बोलू दे. हे घिऊन जायचं न्हवतं मला."

अक्षता आणि तातेराव परत निघाले. राधाकिसननं त्यांना निरोप दिला नाही. जीप मिळेपर्यंत रस्त्यावर उभं राहावं लागलं, आणि तिथं तातेराव म्हणाले, "आपण सांगितलं ते बरं केलं का वाईट, मला कळंना झालंय." अक्षतालाही कळत नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं की त्या घरातलं एक ओझं एका माणसावरून उतरून दुसऱ्याच्या छातीवर जाऊन बसलं.

आशाबाई माघी पौर्णिमा व्हायच्या आत गेल्या. तातेराव दहाव्याला गेले. अक्षताची हिंमत झाली नाही. बाबांनी येऊन सांगितलं ते असं: सगळी भावकी जमलेली असताना राधाकिसन उभे राहिले आणि म्हणाले, "माझ्या पोरानं बराबर वाचल्तं. ज्यानं ज्यानं त्याला नावं ठेवली त्यानं ऐकावं. पयले मी ठेवली, म्हणून पयले मीच सांगतो." कुणीतरी म्हातारी पुटपुटली, आता काय उपेग. राधाकिसन म्हणाले, उपेग न्हाई, पर सांगायचं. आणि सगळ्यांसमोर पोराच्या पाया पडायला वाकले. रामप्रसादनं त्यांना वरच्या वर धरलं. बापलेक तसेच उभे राहिले. रडले नाहीत दोघंही.

अक्षतानं जे घडलं ते लिहून, सही करून बाबांच्या हाती राधाकिसनकडं पाठवलं. त्यावर ग्राहक आयोगात तक्रार लागली. लॅबनं उत्तर दिलं की आमच्या नोंदीतला रिपोर्ट पहिल्यापासून बरोबर आहे, आणि ते खरंच होतं. धर्मराजच्या वकिलानं लिहिलं की असा काही प्रकार झाल्याचं कंपनीला माहीत नाही. तारखा पडत राहिल्या.

पोळलेला माणूस आपलं तोंडही बघणार नाही, असं अक्षताला वाटत होतं. म्हणून दहावं होऊन आठवडाही झाला नव्हता तेव्हा एका दुपारी रामप्रसाद मोटारसायकल घेऊन परतूरच्या दारात उभा राहिला, तशी ती घाबरली. दाढी काढलेली, डोक्यावरचे केस काढलेले.

"ताई, बाकीचे किती राह्यले?" त्यानं विचारलं.

"बहुतेक सगळ्यांना सांगून झालं. तिघांचे फोन लागत नाहीत."

"नावं-गावं हायेत?"

"दोघांची आहेत."

"चला मंग."

तिनं त्याच्याकडं बघितलं. त्याच्या आवाजात माफी नव्हती आणि रागही नव्हता. गिरिजाबाईंनी त्याला आधी जेवायला बसवलं. तो मुकाट्यानं जेवला.

पहिलं नाव झुंबरबाईंचं होतं, आष्टीच्याच बाजूच्या एका वाडीतल्या. घराला कुलूप. शेजारणीनं सांगितलं, सगळी ऊस तोडायला अंकुशनगरला गेलीत. दोघं तसेच पुढं निघाले. कारखान्याच्या आसपास तोडणीवाल्यांच्या पाचटाच्या कोप्या पसरलेल्या, सगळ्या सारख्याच. रामप्रसाद प्रत्येक कोपीपाशी थांबून विचारत गेला. शेवटी एका चुलीपाशी भाकरी थापणारी एक बाई म्हणाली, "मीच झुंबरबाई. काय काम हाय?"

पदर गळ्याभोवती घट्ट लपेटलेला. तरी गळ्यावरची गाठ दिसत होती.

अक्षतानं सांगितलं. बाईंनी भाकरी उलटली. "मागल्या साली सुई टोचून तपासली की. पोरानं फोनात बघितलं. साधी हाय म्हणला."

"तो रिपोर्ट तुमचा नव्हता, मावशी. पुन्हा बघायला पाहिजे. आजच जालन्याला चला."

"आज कशी येऊ? सांच्याला गाडी भरायचीय. जोडीतलं एक माणूस उठून गेलं की दुसऱ्याचं काम बसतं. कारखाना बंद झाला की बघू. दुखत थोडीच हाय." तिनं दुसरा उंडा हातात घेतला. मग रामप्रसादकडं बघितलं, त्याच्या काढलेल्या केसांकडं. "तू कोणाचा रं?"

"आष्टीच्या राधाकिसनचा. मेंढरंवाल्या."

"आशाचा पोरगा? आगं माय. आम्ही एका बाजारात लोकर विकायचो. बरी हाय का ती?"

रामप्रसाद चुलीसमोर खाली बसला.

"गेली," तो म्हणाला. "तिला बी साधीच हाय म्हणून म्या सांगितल्तं. तिला बी दुखत न्हवतं, पयले पयले. मंग हात सुजला. मंग उठवंना. शेवटी पाणी बी चमच्यानं पाजलं." तो थांबला. "मावशी, तुमच्या पोरानं बराबर वाचलंय. त्याची चूक न्हाई. पर तुम्ही आज न्हाई आल्या तर पुढं त्याला कोणी पटवून देऊ शकणार न्हाई. मला माहीत हाय ते."

झुंबरबाईंनी हातातला उंडा परातीत ठेवला. तव्यावरची भाकरी करपायला लागली होती, ती उतरवली. मग चुलीतली लाकडं मागं ओढली, त्यांवर पाणी शिंपडलं आणि शेजारच्या कोपीकडं हाक मारली की मी जाऊन येते, पोराला सांगा.

जालन्याच्या डॉक्टरांनी पोर्टलवरचा रिपोर्ट न बघता नव्यानं तपासणी केली. कॅन्सर होता. पसरायला लागलेला, पण ऑपरेशन करता येईल इतपत. वर्षभर आधी आल्या असत्या तर सोपं गेलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशन झालं. आवाज गेला. पुढचे उपचार चालू आहेत, त्यांचं काय होईल ते कुणी छातीठोकपणे सांगत नाही.

त्या दिवशी झुंबरबाईंना दवाखान्यात ठेवून, त्यांचा पोरगा आल्यावर दोघं बाहेर पडले. रस्त्यावर ऊन होतं. मोटारसायकलपाशी रामप्रसादनं विचारलं, "राह्यलेले दोघं कुठले?"

"एक मंठ्याकडचा. दुसऱ्याचं नुसतं नाव आहे, पत्ता नाही."

"नाव काय?"

तिनं सांगितलं. त्यानं ते एकदा तोंडातल्या तोंडात म्हटलं, आणि गाडीला किक मारली.